सहल निघते, पण जाते कुठे?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की मुलांच्या वहीतून घडी घातलेली एक चिठ्ठी घरी येते. सहल अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, शुल्क अमुक, खाली पालकांची सही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात ही चिठ्ठी घरात दोनदा वाचली जाते. पहिल्यांदा पोर हौसेने मोठ्याने वाचते. दुसऱ्यांदा आई-बाप पगाराची तारीख मनात धरून मुकाट्याने वाचतात. वर्गातली काही मुले सहलीच्या दिवशी घरीच राहतात, आणि ती कोणाच्या घरची असतात हे आम्ही सांगायला नको.

हल्ली त्या चिठ्ठीवर बहुधा पाण्याच्या खेळांच्या बागेचे नाव असते. त्यात वाईट काही नाही. कष्टकऱ्याच्या मुलालाही घसरगुंडीवरून पाण्यात उडी मारायचा हक्क आहे. पण शाळेच्या दप्तरी ती 'शैक्षणिक सहल' म्हणून नोंदवली जाते, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे पडतात, तेव्हा शिक्षण कुठल्या डबक्यात झाले हे विचारायला हवे. एका भगिनीने आम्हांला विचारले, "दादा, एवढे पैसे भरून पोराला कुठे न्यावे म्हणजे त्याच्या डोक्यात काही राहील?" त्या प्रश्नावरून आजचा हा लेख.

आमचे उत्तर वस्तुसंग्रहालय असे आहे. हे ऐकून पुष्कळांना हसू येईल, कारण शाळेतून पाहिलेले वस्तुसंग्रहालय आपल्याला आठवते ते असे: दोन-दोनची रांग, पुढे एक बाई, मागे एक सर, आणि मध्ये सारखा पुकारा, "हात लावू नका, बोलू नका, पुढे चला." अर्ध्या तासात पाचशे वस्तू. घरी आल्यावर आजी विचारते, काय पाहिलेस रे? पोरगा सांगतो, तलवारी. झाले इतिहासाचे शिक्षण!

दोष मुलांचा नाही आणि एकट्या शिक्षकांचाही नाही. वर्गात साठ-साठ मुले, डोक्यावर पोर्शन, आणि संग्रहालय कसे दाखवावे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. चांगल्या संग्रहालयांत आता यासाठी वेगळी माणसे असतात. शाळा येण्याआधी ती शिक्षकांना बोलावतात, काय दाखवायचे ते मिळून ठरवतात. मग मुले येतात ती पाचशे वस्तू पाहायला नव्हे, पाच वस्तू पाहायला. प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल असते. एका वस्तूसमोर दहा मिनिटे बसायचे, तिचे चित्र काढायचे, तिला प्रश्न विचारायचे. काही जुन्या वस्तू किंवा त्यांच्या नकला मुद्दाम हातात देतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ पासून एका बसमध्येच छोटे प्रदर्शन मांडून ती शाळांच्या अंगणात न्यायला सुरुवात केली. ज्या पोरांना मुंबई परवडत नाही त्यांच्याकडे संग्रहालयानेच जायचे, ही कल्पना आम्हांला फार आवडली. शाळेने पत्र लिहून विचारणा करायला हरकत नाही.

प्रश्न विचारायचे म्हणजे कोणते? आमच्या मते तीनच पुरेत. ही वस्तू कोणी केली? कोणी वापरली? आणि वापरून झाल्यावर कोणी घासली?

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून संग्रहालयाला त्याचे नाव दिले. तिथे राजेमहाराजांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी. तिथल्या एखाद्या पितळी दिव्यासमोर आपल्या मुलीला बसवा आणि हे तीन प्रश्न विचारायला सांगा. दिवा कोणाच्या वाड्यात लागला असेल हे सहज सुचते. पण तो ओतला कोणी? ओताऱ्याने. पितळ तापवताना त्याचा हात कितीदा भाजला असेल? रोज राखेने घासून लख्ख कोणी केला? जुन्या वस्तूंपुढच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक ठिकाणी वस्तूचे नाव असते, काळ असतो, करणाऱ्याचे नाव नसते. हे मुलीच्या लक्षात आले की समजा सहलीचे पैसे वसूल झाले.

याच पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक आहे. ते १९९६ साली सुरू झाले. बाबासाहेबांच्या नित्य वापरातल्या वस्तू माईसाहेबांनी तिथे दिल्या. आपली माणसे तिथे जातात, हात जोडतात, पुढे सरकतात. भावना आम्ही समजतो. पण मुलांना तिथे नेताना नमस्कार झाल्यावर घाई करू नका. तिथे एक व्हायोलिन आहे. रात्र-रात्र वाचणारा, कायदे लिहिणारा, सभा गाजवणारा हा माणूस उतारवयात व्हायोलिन शिकत होता. ते व्हायोलिन पाहून एखादे पोर विचारेल, बाबासाहेबांना वेळ कधी मिळत होता? त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका, त्यालाच चरित्र वाचून शोधू द्या. फोटोतल्या बाबासाहेबांपेक्षा चष्मा लावून सुरात तार लावणारे बाबासाहेब मुलांना जवळचे वाटतात, असा आमचा अनुभव आहे.

आता पुण्याचे भाडेही जड जात असेल तर लोणावळ्याची लोकल धरा. आपल्या दारावरून जाणारी ही गाडी म्हणजे एका मोठ्या संग्रहालयाचा रस्ता आहे, आणि ते आपण रोज खिडकीतून मागे टाकतो.

मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याला आपल्याकडून पुष्कळ लोक जातात, पण चैत्यगृहाचा आकार पाहून थक्क होऊन परत येतात. आकार थक्क करणारा आहेच. आतली लांबी सुमारे १२४ फूट, आणि छताच्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहेत. पण आम्ही सांगू ते वेगळे. चैत्याच्या दर्शनी भागाकडे नीट पाहा. तिथे ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. कोणी खांब दिला, कोणी दार दिले, त्यांची ती नावे आहेत. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा एक गांधी आहे. आणि एक नाव आहे सामी नावाच्या सुताराचे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार केले, असा त्या लेखाचा अर्थ आहे. त्यात सुतारासाठी 'वढकी' हा शब्द आला आहे. नागपूरकडे सुताराला अजून वाढई म्हणतात, तो याच कुळातला.

केळकर संग्रहालयात ज्या प्रश्नाला मुलीला उत्तर मिळाले नव्हते, ते कार्ल्याच्या दगडावर लिहिलेले सापडते. ज्याने केले त्याचे नाव, त्याच्या बापाच्या नावासकट.

याहून जवळचे हवे असेल तर देहूरोडच्या पुढे बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन छोटी स्टेशने आहेत. तिथल्या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. कार्ले-भाज्याची गर्दी इथे नाही, तिकिटाची खिडकी नाही, आणि फार थोड्या शाळा इकडे फिरकतात. इथला एक लेख आम्हांला कार्ल्याच्या चैत्याइतकाच मोलाचा वाटतो. सिअगुतणिका नावाच्या बाईने हे लेणे दान दिले. ती धेनुकाकटला राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधाऱ्याची बायको. आपला मुलगा नंद याच्यासह तिने हे दान दिले. नांगर हाकणाऱ्याच्या घरची बाई, डोंगर खोदून भिक्षूंना पावसाळ्यासाठी निवारा करून देते आणि आपले नाव दगडावर लिहवून घेते, यावर घरातल्या आजीला काय वाटते ते मुलांनी विचारून पाहावे. लेखात उसभणकाला 'कुटुंबिक' म्हटले आहे. कुणबी हा शब्द याच कुटुंबी शब्दापासून आला असे भाषेचे अभ्यासक मानतात.

चाकणकडच्या वाचकांना लोकल नाही, त्यांना नाशिकचा रस्ता आहे. चाकणलाच संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला, आणि भुयारात दारू भरून बुरूज उडवला तेव्हाच तो पडला. तो पाहून नारायणगावावरून जुन्नरला जावे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत, आणि तिथल्या लेखांत नुसत्या माणसांची नव्हे, कामकऱ्यांच्या संघटनांची नावे आहेत. त्यांना 'श्रेणी' म्हणत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाची भांडी करणाऱ्या कासारांची श्रेणी यांच्याकडे ठेव ठेवली आहे आणि तिच्यावर महिन्याला किती रक्कम मिळायची ते कोरले आहे. म्हणजे आजच्या भाषेत पतपेढी! बुरुडाचे काम पुढे गावकुसाच्या कडेला ढकलले गेले. पण एके काळी त्या बुरुडांच्या संघटनेवर लोक विश्वासाने पैसे ठेवत होते. युनियनची पावती फाडणाऱ्या बापाने हा लेख आपल्या मुलाला जरूर दाखवावा.

लेणी पाहायला जाण्याआधी शिक्षकांनी एक तास ब्राह्मी अक्षरांना द्यावा. अवघड वाटते, पण मुलांना तो खेळ वाटतो. ब्राह्मीतला 'क' म्हणजे गणितातले अधिकचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसता वाटोळा गोल. त्या गोलात टिंब दिले की 'थ'. 'ग' म्हणजे घराचे छप्पर. एवढी चार अक्षरे फळ्यावर काढून दिली तरी पोरे लेण्यात शिरताच भिंतीवर 'क' शोधू लागतात, आणि "हात लावू नका, पुढे चला" म्हणायची पाळीच येत नाही. पुढे चला म्हटले तरी ती हलत नाहीत. लेखांना हात मात्र लावू द्यायचा नाही, खडूने अक्षरे गिरवू द्यायची नाहीत. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या पोराच्या बोटाने झिजता कामा नये.

परतीच्या वाटेवर देहूरोडला उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. लष्करी डेपोत काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या वस्तीत हे घडले. त्या दिवशी तिथे हजर असलेली बहुतेक माणसे आता नाहीत. ज्यांच्या घरी त्या दिवसाची आठवण सांगणारे कोणी ऐंशी-नव्वदीचे माणूस अजून आहे, त्यांच्याकडे मुलांना वही-पेन घेऊन बसवा. दगडावरचा लेख आणखी हजार वर्षे थांबेल. माणूस थांबत नाही.

येथवर आम्ही जुन्या काळाविषयी बोललो. पण आपल्या पट्ट्याचा स्वतःचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे, आणि तो कारखान्यांचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. मग टेल्को आली, बजाज आली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसे आली आणि परत गेली नाहीत. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९८९ चा टेल्कोचा लढा झाला. २००७ साली बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन थांबले आणि कामाचा ओघ चाकणकडे गेला. हे सारे आपल्या आई-बापांनी अंगावर घेतले आहे. त्यांच्या हातची हत्यारे, हजेरीची कार्डे, डबे यांचे एक दालन आपल्या पट्ट्यात असावे, आणि शाळांनी तिथे यावे. असे दालन आमच्या पाहण्यात नाही. चिंचवडला चापेकरांचा वाडा आहे, तो मुलांनी पाहावाच. पण लेथवर उभा राहिलेला माणूसही इतिहासात आहे, हे मुलांना कुठे पाहायला मिळणार?

अमेरिकेत लोवेल नावाचे जुने गिरणगाव आहे. तिथल्या गिरण्या बंद पडल्यावर १९७८ साली सरकारने तो भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखला. एका जुन्या गिरणीत आता शाळेची मुले येतात. त्यांना नुसते माग दाखवत नाहीत, स्वतः विणायला लावतात. एका कार्यक्रमात मुलांना कारखान्याच्या रांगेत उभे करून काम वाटून देतात. मग साहेब रांगेचा वेग वाढवतो. मुलांची धांदल उडते, माल बिघडतो. त्यानंतर काम थांबवून मुलांना एकत्र बसवतात आणि विचारतात, आता तुम्ही कामगार म्हणून काय करणार? शिक्षकांसाठीही तिथे वेगळी शिबिरे होतात. आपल्याकडे ज्या पोरांचे बाप खरोखरीच असेम्ब्ली लाइनवर उभे असतात, त्या पोरांना हा धडा कुठल्याही पुस्तकात नाही.

सरकारने किंवा महापालिकेने असे दालन उभे करावे ही मागणी आपण करूच. तोवर शाळेत एक कपाट तरी होऊ शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा असावी असे म्हटले आहे, आणि त्यात सुतारकाम, धातुकाम, कुंभारकाम अशा कामांची नावेही घेतली आहेत. त्या दहांतला एक दिवस मुख्याध्यापकांकडे मागून घ्यावा. प्रत्येक मुलाने घरातून एक जुनी वस्तू आणावी. आजोबांचा टोकनाचा पितळी बिल्ला, गेटपास, पगाराची पावती, व्हर्नियर, पंचवीस वर्षांनंतर कंपनीने दिलेले घड्याळ. आजीकडे वस्तू नसेल तर आठवण असेल: दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी, तांबडी मिलो, त्या भाकरीचा वास. तीही कागदावर लिहून आणावी. ज्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते तिने काय आणावे, असे कोणी विचारेल. तिने आईला विचारून एका दिवसाचे वेळापत्रक लिहून आणावे, किती वाजता उठली, किती घरे, किती पायऱ्या. तो कागद कपाटातल्या घड्याळाशेजारी ठेवायचा.

वस्तूसोबत एक चिठ्ठी हवी. नाव, गाव, कोणत्या साली इकडे आले, कोणते खाते, काय काम. आणि ही वस्तू शाळेला दिली की फक्त दाखवायला आणली, हेही लिहावे, म्हणजे पुढे तंटा नको. हजेरीचे जुने कार्ड आले तर गुरुजींनी त्यावरचे तास मुलांना मोजायला लावावेत. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम करवून घ्यायची मुभा होती, ती १९४६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ४८ तासांवर आली. त्या वेळी मजूरमंत्री बाबासाहेब होते. मग ज्यांचे मोठे भाऊ आज चाकणला कंत्राटावर आहेत, त्या मुलांनी घरी जाऊन भावाचे तास मोजावेत. गळ्यातले ओळखपत्र कितव्यांदा बदलले तेही विचारावे. बेरीज आपोआप होईल.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, मुख्याध्यापकांचे पत्र लागते. पालकांची लेखी संमती आणि शिक्षण खात्याची परवानगी शाळेने घ्यायची असते. कार्ले-भाज्याला पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. शेलारवाडीला चढ आहे, म्हणून पावसाळ्यात लहान मुलांना नेऊ नका. हिवाळ्यात सकाळच्या गाडीने जा, पाणी घरून घ्या, डोंगरात आरडाओरडा आणि धूर करू नका, मधमाश्या असतात. पन्नास मुलांमागे दोन शिक्षक पुरत नाहीत. दोन-तीन आया बरोबर घ्याव्यात. त्यांनाही लेख पाहायला मिळेल. विजेरी न्यावी, कारण तिरपा उजेड पडला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात.

कोणा शिक्षक-शिक्षिकांनी असे कपाट केलेच तर त्यात काय-काय जमले ते आम्हांला लिहून कळवावे. पुढील अंकात ब्राह्मी अक्षरांचा तक्ता देत आहोत, तो कापून मुलांच्या वहीत चिकटवता येईल.